रकाना सहावा

आमच्या रजिस्टरात आठ रकाने.
पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी दोन,
पत्र्याचं छत, एक फ्रीज, आणि तोही
लाईन असली तरच फ्रीज.
मालक, गाव, जात, लिंग, रंग,
मग सहावा: उपयोग.
एकवीस वर्षं मी तिथे लिहीत आलो
दूध. ओढकाम. पैदास.
कुत्र्याला राखण.
हात न विचारताच लिहितो.

तो आला तेव्हा पुढे चार शेळ्या होत्या.
भिंतीला पाठ लावून उभा राहिला, दार दिसेल असा.
कुत्री पायाशी नव्हती.
त्याच्या आणि लोकांच्या मधे आडवी बसली होती,
उतारावर उभ्या बंडीच्या
चाकाला दगड लावावा तशी.

देवमन खंडारे, रिटायर नायक.
कुत्री गावठी, भुरी, कपाळावर पांढरा ठिपका.
टिकली. पोरीनं ठेवलेलं नाव.
रेबीजची सुई भरता भरता मी म्हणालो, राखण ना?
"राखण त म्या केली," तो म्हणाला.
"सतरा वर्सं. हे थे काम नाही करत."

तेवढ्यात कोणाच्या तरी हरभऱ्यात
वांदरं शिरली असावीत.
सुतळी बॉम्ब.
आमच्याकडे हा काही आवाज नाही.
शेळ्यांनी रवंथसुद्धा थांबवला नाही.

तो ओरडला नाही, टेबलाखाली गेला नाही.
तो फक्त तिथे नव्हता.
डोळे उघडे, आणि मूठ अशी आवळलेली
की नखांखालचं रक्त गेलं.
टिकली उठली. पुढचे पाय त्याच्या मांडीवर,
सगळं वजन त्याच्यावर,
आणि ओलं नाक त्या मुठीत खुपसत राहिली,
खुपसत राहिली,
बोटं सुटेपर्यंत.
माझ्या सुईच्या टोकावर थेंब तसाच.

"किती वेळ गेला?"
मिनिटभर, मी म्हणालो.
"पह्यले सांज व्हायची."

पुढे बाजारात पंचफुलाबाई भेटली, त्याची बायको.
वांगी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली,
"राती मी उठवाले जायची त माहाच गळा धरत.
आता हे उठवते.
हिचा नाही धरत."
शिकवलं कोणी?
"कोण शिकवते बापा. जिनिंगच्या गेटावर
वाचमन होते, तिथून मांग मांग आली.
गठाणीच्या प्रेसचा आवाज सोसे ना, नोकरी सुटली.
हे राह्यली."

मोठ्या शहरांत म्हणे अशी कुत्री तयार करतात,
अंगात जाकीट, गळ्यात ओळखपत्र.
टिकलीच्या अंगावर गोचीड होते.
चिमट्यानं मी एकोणीस काढले.

मार्गशीर्षात तिचं ऑपरेशन केलं.
घरी जा म्हटलं, तर गेला नाही.
पोत्यावर बसून राहिला, दाराकडे पाठ करून.
हे मी पहिल्यांदा पाहत होतो.
भूल उतरताना कुत्री पाय मारतात.
कुठेतरी धावत असतात,
जिथे हाक पोचत नाही.
टिकली कण्हत होती, धावत होती
आडव्या अंगानं, फरशीवर.

त्यानं हाक मारली नाही.
तिच्या खांद्यावर कोपरापासूनचा हात ठेवला,
जड,
आणि दुसऱ्या हाताची मूठ उघडून
तिच्या नाकापुढे धरली.
मी टॉर्च बंद केली.

सकाळी रजिस्टर भरायचं होतं.
एक शब्द लिहिला, खोडला.
बाहेर पोट फुगलेली शेळी घेऊन बाई हाका मारत होती.
घाईत जे सुचलं ते लिहिलं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी
त्या ओळीला लाल पेनानं गोल केला,
वर प्रश्नचिन्ह.
गोल अजून तसाच आहे.
कुत्री, मादी, भुरी.
उपयोग: ओढकाम.