रफार

महापालिकेत जन्म-मृत्यू विभागाच्या
तीन नंबरच्या खिडकीत बसून मी एकवीस वर्षं नावं लिहिली.
नवसाची, आजोबांची, तालमीतल्या वस्तादांची,
एका साली तर ओळीनं अकरा राजवर्धन.

त्याच साली एलियाजर झिराडकर आले,
उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे,
बोटांच्या पेरांत सागवानाचा भुसा.
म्हणाले, लिहा, गेर्शोम.
मी म्हटलं, घनश्याम?
ते हसले. त्यांना सवय असावी.

"गेर म्हणजे परका. उपरा.
शोम, खरं तर शाम, म्हणजे तिथं.
तिथं परका. एवढंच नाव."

मी पेन खाली ठेवलं.
पोर जगावं म्हणून आमच्यात दगडू ठेवतात, धोंडू ठेवतात,
पण निदान दगड तरी इथलाच असतो.

रांग वाढत होती. ते सांगत राहिले,
आपल्याच गल्लीतलं प्रकरण असल्यासारखं:
मोशे मिसरातून पळालेला, हातून खून झालेला,
परमुलखात एका विहिरीशी येऊन टेकलेला.
सात बहिणी आल्या, डोणी भरल्या,
तेवढ्यात मेंढपाळ आले आणि त्यांना हाकललं.
"हाकललं, असा जो शब्द आहे ना पोथीत,
त्याच्या पोटातही हेच नाव ऐकू येतं.
बाप एक अर्थ सांगतो, विहीर दुसरा."

मी शिवाजी पेठेतली.
नळावरून कळशी मागं ढकलणं म्हणजे काय
हे मला पोथीतून शिकावं लागत नाही.
"मग?"
"मग तो उठला. पाणी ओढलं. मेंढरांना पाजलं.
त्या सातांतलीच सिप्पोरा पुढं त्याची बायको झाली,
आणि पहिल्या मुलाचं नाव त्यानं हे ठेवलं."

लिहायला घेतलं. गे. मग र.
र ला ओळीत जागाच नव्हती.
शो वर आधीच एक मात्रा,
तिला खेटून वर चढवला,
भरल्या एसटीच्या टपावर बसवलेल्या पाहुण्यासारखा.
लिहिताना शेवटी, म्हणताना आधी.

सतरा वर्षांनी ते नाव स्वतःच खिडकीशी उभं राहिलं,
ओठांवर कोवळी मिशी.
शाळेच्या दाखल्यावर घनश्याम,
रेशनकार्डावर गैरसम,
म्हणून जन्माचा दाखला हवा होता.
"हजेरी घेताना सर म्हणायचे, गैर...
मी म्हणायचो, हजर.
की सगळा वर्ग एकदम: गैरहजर!"
सांगून हसला, अगदी बापासारखा.

बाबा कसे आहेत, मी विचारलं.
"गेले. दोन वर्षं झाली.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आमच्यात.
पुण्याहून, अलिबागेहून मिळून नऊ आले.
दहावा मी.
त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला
पूर्ण नावानं हाक मारली, न अडखळता."

गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून गेलंच,
"मग आता तिकडं जाणार? तुमच्या देशाला?"
त्यानं खिडकीच्या गजावर बोट फिरवलं.
"माहीत नाही, मॅडम. बारावी तर होऊ दे.
पण 'तिथं परका' म्हटलं की
कुठंतरी इथं असणारच की नाही?"

जुनं रजिस्टर काढलं. माझंच अक्षर, तरुण, जरा ऐटीतलं.
आता संगणकावर भरायचं.
टाइप केलं तर रफार उडी मारून
भलत्याच अक्षरावर: गेशोर्म.
पुसलं. पुन्हा तेच. पुन्हा पुसलं.
चौथ्यांदा बसला जागेवर.
मी स्क्रीन त्याच्याकडं फिरवली,
त्यानं काचेला नाक लावून
एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं,

आणि मागून कुणीतरी ओरडलं,
"अवो, आटपा की, जेवणाची सुट्टी होईल."