लाँचमधली पेटी

प्रश्न एकच होता:
'लाँचची वेळ तुम्हाला सोयीची आहे का?'
पेटी ठेवली लाँचमध्येच,
इंजिनाच्या दाराशी, लाइफ जॅकेटांच्या ढिगाशेजारी,
दोरीला बांधलेल्या पेन्सिलीसकट.

चार आठवड्यांत दोनशे तेरा चिठ्ठ्या.
एकशे ब्याण्णव 'हो'.
एकीवर 'हो' दोनदा, खाली जाड रेघ:
हे रोसामेल बार्रिया, त्यांचा जावई सुकाणूवर असतो.
एकीवर नुसताच मासा काढलेला.
तो मी 'सांगता येत नाही'मध्ये धरला.

शेकडा नव्वद बेटकरी समाधानी,
असं मी लिहिलं,
आणि पलीकडे आचाओच्या कचेरीत
त्यावर शिक्काही बसला.

मग मे महिन्यात एका सकाळी
माझीच लाँच चुकली.
धुक्यात तिचा दिवा बारीक होत गेला.
पेटीही गेली तिच्यासोबत,
ज्यांना ती मिळाली त्यांना विचारत,
की मिळते का.

उजाडलं तेव्हा ओहोटी होती.
खाली वाळूत, लाकडी खोक्यावर बसून
एदेल्मिरा वेन्तेओ तिसऱ्या उकरत होती.
मी विचारलं, लाँचच्या वेळेचं.
'कुठली लाँच?' आधी म्हणाली.
मग हातातली तिसरी धुऊन बघत,
'वेळ काय, चांगलीच असेल.
त्या फळीवर माझा गुडघा चढत नाही,
सहा वर्षं झाली.'

फळीचं मी विचारलंच नव्हतं.

शितावरून भाताची परीक्षा
सगळेच करतात, त्यात खोटं काही नाही.
पण शीत आपण काढायचं असतं,
पळी पार तळापर्यंत घालून,
करपलं असेल तिथपर्यंत.
जे आपणहून उडी मारून ताटात येतं
ते भाताचं काही सांगत नाही,
उडीचं सांगतं.

वही उघडली. लिहायला घेतलं,
'न जाणाऱ्यांची खरी अडचण, फळी',
आणि पेन्सिल तिथेच थांबली.
एक बाई, एक गुडघा,
तीही माझी लाँच चुकली म्हणून भेटलेली.
पुन्हा तेच करत होते मी,
फक्त धक्क्याच्या या बाजूने.

एदेल्मिराने चार तिसऱ्या माझ्या रुमालात बांधल्या.
न विचारता.

वर टेकडीवर चुली पेटल्या होत्या.
मी धूर मोजले: अकरा.
घरं तिथे बारा आहेत.
बाराव्याकडे जाणारी वाट
गवतात कुठे सुरू होते,
ते शोधत मी चढू लागले.