परहॅप्स : वाक्यात उपयोग करा

बिराजदार सर फळ्यावर लिहायचे : परहॅप्स.
समोर : कदाचित.
मग हातावरचा खडू झटकत,
वाक्यात उपयोग करा.

विडी घरकुलची शाळा, वर पत्रा,
मार्चमध्येच बाकाचं लोखंड मांडीला चटके द्यायचं.
खंडू माने उठून म्हणाला, परहॅप्स इट विल रेन.
सरांनी खिडकीतून पांढरंफटक आभाळ पाहिलं
आणि म्हणाले, व्याकरण बरोबर आहे.

मला तो शब्द आधीपासून येत होता, दुसऱ्या नावाने.
आमच्या घरी त्याला 'एमो' म्हणतात.
आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची.
आज छाट किती काढतील गं?
एमो.
मला दहावीला बसवशील ना?
एमो.
नान्ना भिवंडीहून कधी येणार?
तेव्हा नेमका दोरा दातात असायचा,
एमोसुद्धा अर्धाच बाहेर पडायचा.

शेजारची गंगव्वा तेच कन्नडमध्ये म्हणायची, इरबहुदु,
पण तिच्या तोंडी तो शब्द
तव्यावरून उतरलेल्या कडक भाकरीसारखा,
महिनाभर टिकेल असा.

माझी पाळी आली.
माय फादर विल कम परहॅप्स.
वर्ग हसला.
येमुल, सर म्हणाले, तो शब्द आधी घे.
मी खोडलं, आधी घेतला.
पण मला तसंच हवं होतं :
आधी नान्ना यावेत,
केसांत मागाची पिंज, पिशवीत केळी,
उंबऱ्याशी वाकून चपला काढाव्यात,
आणि मग, अगदीच राहवलं नाही तर,
शेवटी तो शब्द.

आता सिव्हिलला रात्रपाळी करते.
डॉक्टर इंग्रजीत बोलून पुढच्या खाटेकडे जातात,
मागे मी उरते आणि नातेवाईक.
बहुधा म्हणू की कदाचित,
तेलुगूत सांगू की मराठीत,
आणि शब्द कुठे ठेवू, हे मलाच ठरवावं लागतं.
व्याकरण कुणी तपासत नाही.

काल अकरा नंबरची म्हातारी,
बोटांना तंबाखूचा पिवळा रंग,
माझा हात धरून विचारत होती, उठेल ना माझा पोरगा?
मी म्हटलं, एमो, अम्मा.

ती म्हणाली,
हा मला येतो.
तू शिकलेली आहेस,
दुसरा सांग.