दरपत्रक

अक्षर दोन बोटं उंच हवं,
काळ्यावर पांढरं,
काठावर उभ्या माणसाला वाचता येईल असं.
एवढंच होतं सरकारी कागदात.
बाकी सगळं माझ्या बापाच्या हातात :
उखर्डू पेंटर, मुक्काम चोपडा.
मी नऊ वर्षांची, जवसाच्या तेलाचा डबा धरून.

माणूस पाव आणा.
बैल, रिकामा, एक आणा.
गाडी भरलेली, सहा आणे.
शेळी, दोन मिळून एक समजावी.
आणि मग मयत.
मक्तेदार हुकूमचंद म्हणाला, ओझं ते ओझं.
मामलेदारानं चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.
म्हणाला, लिहा, माफ.

तापीला तेव्हा त्या अंगाला पूल नव्हता,
दुसरी नाव नव्हती.
मका असला की झोपडीतही भाव ठरतो,
पण नदी काही कोणी पेरलेली नसते.
श्रावण लागला.
पानी चढनं की भाव चढस,
नावाडी बायांना हसत सांगायचा.
पाटीच्या खालच्या अर्ध्यावर
ओलं पोतं वाळत टाकलेलं असायचं, रोज.

एका सकाळी पोतं निघालं
आणि पाव आण्याचा पाऊण आणा झालेला.

अमळनेरच्या कोर्टात बापाला उभं केलं.
वकिलानं विचारलं, तुमचंच काम ना हे?
बाप पाटीजवळ गेला, बोटानं नाही, नाकानं बघितल्यासारखा.
म्हणाला, साहेब, मी व काढला होता.
व पोटभर बसतो.
इथं व खरवडून ऊ आणि ण कोंबलेत,
एकाच्या जागी दोन,
मक्त्याच्या नावेत माणसं कोंबतात तसे.
आणि हे तेल करडईचं आहे. वास घ्या.

मुन्सफानं खरंच वास घेतला.

निकालातलं एक वाक्य बापाला पाठ होतं,
दारू प्यायल्यावर तो ते म्हणायचा :
ज्याच्यावाचून गत्यंतर नाही,
त्याला मन मानेल तसा भाव नाही,
आणि कुणाला नाही म्हणायची मुभा नाही.
दंड पन्नास रुपये. हुकूमचंदानं जागेवर मोजले.
पुढचा मक्ता त्याच्याच मेहुण्याला गेला.

बाप आणखी एक सांगायचा, माझ्या जन्माआधीचं.
गावात पाच जिन, पाचांची एक सोंगटी.
एकच चालायचा. चार बंद राहायचे
आणि बंद राहण्याचा वाटा घ्यायचे, वेळेवर.
बापानं चारदा बंद लिहिलं,
चारदा रोख मजुरी. असा गिऱ्हाईक परत भेटला नाही.
कापसाच्या गाड्या एकाच फाटकाशी रांगेत.
तिथंही कायदा आला होता म्हणे,
वह्या नीट लिहिल्यात का, एवढं बघून गेला.

मग वीज कंपनी. खासगी, एक इंजिन,
सिनेमाच्या वेळी घरं मंद व्हायची.
मग नगरपालिकेची, मग मंडळाची.
दर वेळी नवी पाटी, दर वेळी बापाला बोलावणं.
शेवटची मी रंगवली, त्याचा हात थरथरत होता.

परवा जळगावला सुनावणी होती, दरवाढीची.
पंख्याखाली तीन साहेब,
बाजूला कंपनीचा माणूस, पाण्याची बाटली उघडत.
प्रस्ताव तीनशे बारा पानांचा.
एक सुतगिरणीवाला बोलला, एक वकील खूप बोलला.
माझं नाव पुकारलं.
आजी, तुमची हरकत?

मी म्हटलं, अक्षर.
फार बारीक आहे.
काठावरून वाचता येत नाही.

कोणीतरी हसलं. मधल्या साहेबांनी मात्र लिहून घेतलं :
हरकत क्रमांक एकेचाळीस. नोंद घेतली.

घाटाची ती पाटी आमच्या मोरीत आहे, पाण्याच्या टाकीवर झाकण.
ओलीनं सगळे भाव गेले.
मयतास माफ, तेवढं अजून लागतं.