मसुदा क्रमांक अकरा

डोंगर वर्षाला सहा सेंटिमीटर सरकतो.
नखांपेक्षा थोडा जास्त, केसांपेक्षा कमी.
हेस्टनेसमध्ये आम्ही हे ऐकत वाढलो,
घरातल्या कुणाच्या जुन्या दम्याबद्दल ऐकावं तसं.
गेल्या मंगळवारी तो एका रात्रीत नऊ मिलिमीटर आला
आणि बुधवारी सगळे शाळेच्या जिममध्ये जमले.

पोलीस, फेरीबोटवाले, रेड क्रॉस,
डोंगराच्या भेगेत तारा खोचून बसणारी एल्द्रिड,
अग्निशमन दलाचा प्रमुख फ्रितयोफ
(तोच आमचा बेकर, कोपरापर्यंत पीठ),
आणि चर्चच्या घंटेची किल्ली जिच्याकडे असते ती बाई,
जिला बोलवायचं आधी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.
मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो.

मी नगरपालिकेची कारकून.
माझ्या वाट्याला एकच काम:
सगळ्यांच्या फोनवर जाणारा संदेश, एकशेसाठ अक्षरं.

पहिल्या मसुद्यात 'संभाव्य' तीनदा आला.
दुसऱ्यात पोलिसांनी 'नागरिकांनी कृपया' घातलं,
तिसऱ्यात जिल्ह्यानं ते काढून स्वतःचं नाव घातलं.
खाली सही कुणाची, यावर दुपारची कॉफी संपली.
डोंगर कोसळला तर लाट दहा मिनिटांत येणार
आणि आम्ही स्वल्पविरामावर वीस मिनिटं घालवली.

मग मागून सिगवार्ट उठला, टोपी हातात चुरगळत.
"बाई, संभाव्य म्हणजे
मी मेंढ्यांचं फाटक उघडू की नको?"

कुणी हसलं नाही.
एल्द्रिडनं चष्मा काढून पुसला,
पुसून झाल्यावरही पुसत राहिली.
"उघडा," ती म्हणाली.
तिच्या एकवीस वर्षांच्या अहवालांत
एवढं लहान वाक्य मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात ओडनीचे हात हलले.
शेजारी बसलेल्या लेकीनं ते मोठ्यानं सांगितलं:
"सायरन वाजला की
माझ्या घरात काय वाजतं?"

योजनेची चौसष्ट पानं आम्ही चाळली.
पान एकोणचाळीस, रकाना 'विशेष गरजा',
त्यात आकडा: तीन.
नाव एकाचंही नाही.
तो आकडा माझ्याच अक्षरात होता.

फ्रितयोफ नखातलं पीठ काढत म्हणाला,
"मी तसाही पहाटे तीनला जागा असतो.
ओडनीच्या घराची एक किल्ली माझ्याकडे राहू दे."
मग घंटावाली म्हणाली, माझी खिडकी समोरच आहे.
मग फेरीबोटीवरचा पोरगा, मग आणखी कुणी.
रकान्यात नावं मावेनात,
मी कागदाच्या पाठीवर लिहीत गेले.

रात्री अकरावा मसुदा झाला:
डोंगर सुटला. आत्ता निघा.
चर्चच्या वर, पायी. गाडी नको.
शेजारचं दार वाजवा.
अक्षरं मोजली, पुष्कळ उरली.
उरलेल्या जागेत काय घालावं,
यावर पहिल्यांदाच कुणाचं मत नव्हतं.

शनिवारी चाचणी. सकाळी सहा, धुकं,
फ्योर्डचं पाणी शिसपेन्सिलीच्या रंगाचं.
वर पोचले तर ओडनी आधीच हजर,
शेजारच्या दोन पोरांना शालीत गुंडाळून.
हातांनी तिनं जे सांगितलं ते मला समजलं नाही.
लेक म्हणाली, "काचा थरथरल्या म्हणते,
किल्लीची वाट पाहिली नाही."
फ्रितयोफ धापा टाकत मागून येत होता,
हातात किल्ली आणि गरम पावांची पिशवी.

त्या क्रमांकावर उलट उत्तर येत नाही,
तशी सोयच नाही.
म्हणून सिगवार्टनं संध्याकाळी माझ्या घरी फोन केला.

"फाटक उघडलं होतं, तुमच्या संदेशाप्रमाणे.
मेंढ्या वर गेल्या.
आता खाली यायला तयार नाहीत.
योजनेत यावर काही आहे का?"

मी पानं उलटली.
खिडकीबाहेर डोंगर होता,
जिथे काल होता, जवळजवळ तिथेच.