नोंदवही

तू निघालीस तेव्हा ती उताणी होती.
पायाचा अंगठा तोंडात, नजर छताकडे,
आणि तुझं जहाज बोथनियाच्या आखातात
हातभर जाडीचा बर्फ फोडत निघालेलं.

केमीत आता दिवस वाढतोय, हिल्का.
अडीचला गाशा गुंडाळणारा सूर्य
पाचपर्यंत रेंगाळतो.
दुपारी लाकडी जमिनीवर उन्हाचा एक चौकोन पडतो,
विएनो तो उचलायला बघते.
चारी बोटं एकदम, खरवडून खरवडून.
अंगठ्याचं अजून काही ठरलेलं नाही.

मंगळवारी पालथी पडली.
एक हात पोटाखाली अडकला,
नाक गालिच्यात खुपसून ती संतापानं ओरडली
आणि मी, खुळा, टाळ्या वाजवत बसलो.
बुधवारी तो हात तिचा तिनं सोडवला.
गुरुवारपासून झोपेतही उलटते.
रात्री तीनदा उठून मी तिला सरळ केलं,
चौथ्यांदा नाद सोडला.

मग बटाटा.
उकडून, कुस्करून, दुधात सैल करून, चमचाभर.
तिनं तोंड असं केलं
जणू मी करखात्याची नोटीस भरवतोय.
जिभेनं सगळं बाहेर.
हनुवटीवरून गोळा करून पुन्हा आत.
पुन्हा बाहेर.
त्या एकाच चमच्यावर आमची बोलणी
अजून चालू आहेत.

चमचा मात्र आवडला.
डाव्या मुठीत होता. उजवी मूठ आली, तिनंही धरला.
थोडा वेळ दोन्ही हात अडून बसले.
आणि मग
(माझी कॉफी थंड झाली ती इथे)
डाव्यानं सोडला.

इतकंच. पण मी दिवसभर
वस्तू या हातातून त्या हातात घेऊन पाहत होतो.
किल्ली. कांदा. तिचा लोकरी मोजा.
हे मलाही कधीतरी
शिकावं लागलं असणार.

तू फोनवर विचारलंस, काय नवीन?
म्हटलं, काही नाही. तुझ्याकडे?
बर्फ, म्हणालीस.
मागे इंजिनाची घरघर होती
आणि इकडे ती म्हणत होती, ब. ब. ब ब.
कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

खरं तर नवीन होतं.
शनिवारी ओइवा फावडं परत करायला आला.
मी आत गेलो, त्याच्यासाठी कप विसळत होतो,
आणि त्यानं हाक मारली,
अरे, ही बसलीय की!
धावत आलो तोवर ती कलंडलेली,
धुतलेल्या कपड्यांच्या ढिगात, गाल टेकून, खूश.
आठ दिवस डोळ्यात तेल घालून बसलेला मी,
आणि पाहिलं कुणी, तर ओइवानं.
एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ओइवानं.

अकराव्या दिवशी तू दारात.
अंगाला डिझेलचा वास, भुवयांवर दंव.
हात पसरलेस
आणि ती माझ्या मानेत तोंड लपवून रडली.
तुझे हात तसेच राहिले, कोटाच्या बाह्यांत.
बालकेंद्रातली कायसा म्हणाली होती,
आता परकं कोण ते कळू लागेल, चांगली खूण आहे.
मी ते बोललो नाही.
चांगल्या खुणेचा त्या क्षणी
कुणाला काय उपयोग होता?

तू बूट काढलेस.
तिच्यापासून जरा लांब, भिंतीला टेकून,
तिच्याकडे न बघता बसलीस.
बर्फात जहाज रुतलं की
थोडं मागे घ्यावं लागतं, तूच सांगायचीस.
मी तिला खाली ठेवलं, पाय फाकवून,
दोन्ही तळवे पुढे टेकवून, बेडकासारखी.
घड्याळ ऐकू येत होतं.
मग तिचा एक तळवा जमिनीवरून सुटला,
तुझ्या मोज्याच्या टोकाशी गेला,
चारी बोटांनी खरवडू लागला.

तू मोजा काढू दिलास.
बऱ्याच वेळानं, मान न वळवता, म्हणालीस,
ही बसते?
हो.
कधीपासून?

ओइवाला विचार, म्हटलं.