डाव्या मडगार्डाचे चारशे पौंड

लेमस्टरच्या पुढे, सफरचंदांच्या बागा संपतात तिथे
पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती
एकोणीसशे एकोणपन्नासची रायली,
काळी, लांब नाकाची,
छपराला रेक्झिन, आत ॲशच्या लाकडाचा सांगाडा.
दार उघडलं की चामडं, पेट्रोल आणि उंदीर
यांचा मिळून एकच वास.

मालकीण म्यूरिएल ट्रँटर. तिचं वय मी विचारलं नाही.
गाडीचं मात्र सगळं विचारलं.

चाळीस वर्षं हेरफर्डच्या बस डेपोत
दुसऱ्यांच्या गाड्यांखाली उताणा पडून काढली मी.
शिकलो ते एवढंच:
रंगाला भुलायचं नाही.
तेल गळतंय तर गळू दे,
ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी समजावं, तेल संपलं.
इंजिनाला पैसे लागतात, लाकडाला माणूस लागतो,
आणि तसा सुतार ब्रॉमयार्डला आता एकच उरलाय,
त्याचेही गुडघे गेलेत.
म्हणून आधी दाराच्या बिजागरीखाली
स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा.
टोक आत गेलं तर टोपी घालून निघायचं,
चहासुद्धा घ्यायचा नाही.

गेलं नाही.
चहा घेतला.

साडेनऊ हजार, ती म्हणाली,
सेड्रिकनं लिहून ठेवलंय.
बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठी, चिठ्ठीखाली पावत्या:
ब्रेकचे लायनर, प्लग, पंख्याचा पट्टा,
अगदी पाच पेन्सच्या वायसरचीसुद्धा.
माझ्या मनात आठ होते.
खिशात, दोन वेगळ्या पाकिटांत, नऊ.

मग रुमालात गुंडाळलेलं चुंबक काढलं.
घरच्या फ्रिजवरचं, टेन्बीच्या सहलीतलं,
वर होडीचं चित्र.
बॉनेटवर टक्. दारावर टक्. उजव्या मडगार्डावर टक्.
डाव्यावर, दिव्याच्या जरा मागे,
ते निसटलं आणि गवतात पडलं.
वरून कीर्तन, मी मनात म्हटलं,
आणि पाचशेनं खाली यायची तयारी केली.

इथं पत्रा नाही, मॅडम. लांबी भरलीय, तळहाताएवढी.
कधीतरी ठोकलेली आहे गाडी.

शक्य नाही. सेड्रिकच्या हातून एक ओरखडासुद्धा

आणि ती थांबली.
फाटकाकडे बघत राहिली.
दगडी खांब अजूनही जरासा कललेला.

एकाहत्तर साली मी शिकत होते, ती म्हणाली.
तो उतरला, वाकून बघितलं,
म्हणाला, काही झालेलं नाही, खांबच कच्चा होता.
मी चार दिवस बहिणीकडे गेले, श्रूजबरीला.
आले तर घरभर रंगाचा वास.
म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं रंगवलं.
रंगवलं होतं खरंच.
काळं कुळकुळीत.

ती हसली. हसता हसता डबा पालथा केला,
एकाहत्तरच्या पावत्या वेगळ्या काढल्या,
बोट ओलं करून एकेक मोजली.
रंगाची नव्हती. लांबीची नव्हती.
पाच पेन्सचा हिशोब ठेवणाऱ्या माणसानं
तेवढी एक पावती ठेवली नव्हती.

किती कमी होतात याचे?
चारशे, मी म्हणालो. पण राहू द्या.
राहू द्या कसं? ठोकली मी. वजा करा.

आता खरं सांगायचं तर
डेपोत माझ्या घासाघिशीचं नाव होतं.
टायरला चिरा होत्या, गिअर बदलताना कण्हत होता,
एकेक मुद्दा काढत आठपर्यंत उतरलो असतो.
जीभ वळली नाही.
दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली,
वरच्या शंभराचा चेक लिहिला.
तिनं नोटा मोजल्या, दोनदा,
चुंबक गवतातून शोधून, पुसून
माझ्या हातात दिलं.

फाटकातून निघताना
माझ्याकडून अंमळ उजवीकडेच घेतली गेली गाडी.

मडगार्ड अजून तसंच आहे.
ब्रॉमयार्डचा सुतार परवा गुडघे धरत खाली वाकला,
सांगाडा ठोकून बघितला,
किती दिलेस, म्हणाला.
सांगितलं.
आठला मिळाली असती.

मिळाली असती.